आधी गिऱ्हाईक, मग अंडी: घरच्या घरी गावरान पिल्लं उबवून विकण्याची रीत

उबवण यंत्र घरात आलं की हात शिवशिवतात. टोपलीत साठलेली अंडी होती, भरून टाकली. २१ दिवसांनी पिल्लं बाहेर येतात आणि मग फोन सुरू होतात, "पिल्लं आहेत, लागतात का?" तेव्हा नेमका मे महिना असतो, नाहीतर श्रावण. समोरचा म्हणतो, "बघू पुढच्या महिन्यात." पुढच्या महिन्यापर्यंत पिल्लांनी खाद्याच्या गोण्या फस्त केलेल्या असतात.

घराच्या मागच्या बाजूला किंवा शेतातल्या आखाड्यावर पंधरा-वीस कोंबड्या, एखादं १०० अंड्यांचं यंत्र आणि घरातलीच दोन माणसं, एवढ्या पसाऱ्यात हा धंदा नीट बसतो. मोठ्या हॅचरीशी भावात बरोबरी करायला जाऊ नका. त्यांच्यापाशी नाही असं तुमच्यापाशी एकच आहे: ओळखीच्या गिऱ्हाइकाला, हव्या त्या महिन्यात, लस दिलेलं, इथल्या हवेत वाढलेलं महिन्याचं पिल्लू देणं.

उलटं मोजायला शिका

आपल्या मराठवाड्यात कोंबड्याला मोठी मागणी असते ती आखाडात (आषाढात), धुळवडीला आणि माघापासून चैत्रापर्यंतच्या गावोगावच्या जत्रांना. श्रावणात, नवरात्रात आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारांना बाजार थंड पडतो. तुमच्याकडून पिल्लं नेणाऱ्याच्या डोक्यात हेच पंचांग असतं, त्याने ते बोलून दाखवलं नाही तरी.

गावरान कोंबडा सव्वा-दीड किलोचा व्हायला साधारण ५ ते ६ महिने घेतो. आखाड येतो जून-जुलैत. म्हणजे जुलैच्या सुरुवातीला सहा महिन्यांचा कोंबडा हवा असेल, तर पिल्लू जानेवारीच्या सुरुवातीला अंड्यातून बाहेर यायला हवं आणि अंडी डिसेंबरच्या मध्यात भरायला हवीत. ते पिल्लू तुम्ही महिन्याचं करून फेब्रुवारीत विकाल. धुळवड आणि जत्रांचा माल हवा असेल तर अंडी ऑगस्टमध्ये भरायची.

सुदैवाने हवामानही याच्याशी जुळतं. नोव्हेंबर ते जानेवारी हा आपल्याकडचा सोन्यासारखा हंगाम. ऑगस्ट-सप्टेंबर दुसरा, फक्त ओलीचा त्रास सांभाळायचा. मार्चच्या मध्यापासून मृग बरसेपर्यंत यंत्र धुऊन, वाळवून, माळ्यावर ठेवून द्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे जातो. यंत्राला गरम करता येतं, थंड करता येत नाही. पत्र्याच्या खोलीत ४१ अंश असताना यंत्राचा दिवा बंद असला तरी आतली अंडी शिजायच्या वाटेला लागतात.

अंडी कुणाची, कोंबडा कुठला

आठ ते दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा. याहून जास्त कोंबडे ठेवले तर ते आपसांत भांडतात आणि माद्यांच्या पाठी सोलून काढतात. कोंबडा आपल्याच घरच्या कोंबडीचा नसावा. दर दीड-दोन वर्षांनी दुसऱ्या गावचा कोंबडा आणा, शक्यतो एखाद्या लांबच्या पाहुण्यांकडून, जिथे मर झालेली नाही अशा घरातून. एकाच रक्तातली पैदास चालू राहिली की अंडी भरपूर दिसतात पण पिल्लं कमी निघतात, निघाली तर मरतुकडी. नवा कोंबडा आणल्यावर जुना लगेच वेगळा करा, पण त्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकतं हे लक्षात ठेवा. पिल्लं कुणाची याची खात्री हवी असेल तर तेवढे दिवस अंडी खायला वापरा.

जातीबद्दल एक गोष्ट गिऱ्हाइकाशी खरी बोला. हैदराबादच्या राजेंद्रनगरातल्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या वनराजा आणि ग्रामप्रिया, बंगळूरची गिरिराज, हे सगळे मुद्दाम जुळवलेले संकर आहेत. त्यांची अंडी घरी उबवली तर पिल्लं निघतात, पण आईबापासारखी एकसारखी निघत नाहीत. अशी पिल्लं 'वनराजा' म्हणून विकली की सहा महिन्यांनी तोच माणूस चावडीवर तुमचं नाव घेतो. वनराजाच विकायचा असेल तर एक दिवसाची पिल्लं अधिकृत केंद्रातून आणा, महिनाभर वाढवा आणि मग विका. छत्रपती संभाजीनगरला पडेगावात शासनाचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. जिल्ह्यातल्या सघन कुक्कुट विकास गटाकडेही विचारता येतं. नोंदणी आधी करावी लागते, ऐनवेळी गेलं की रिकाम्या हाताने परत.

कडकनाथचं म्हणाल तर तो मध्य प्रदेशातल्या झाबुआचा, २०१८ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पक्षी चांगला आहे. पण २०१९ मध्ये 'अंडी आम्हीच परत विकत घेऊ' या बोलीवर महाराष्ट्रातल्या कितीतरी शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. कुठल्याही पक्ष्याबाबत परत खरेदीच्या करारावर धंदा उभा करू नका. तुमच्या तालुक्यात जे खाल्लं जातं तेच उबवा. आणि आपल्या मराठवाड्यात अजून तरी तो तांबडा-करडा गावरानच आहे.

उबवायची अंडी निवडताना फार लहान, फार मोठी, लांबुडकी, खरबरीत कवचाची, तडा गेलेली बाजूला काढा. पहिल्यांदाच अंड्यावर आलेल्या तलंगीची सुरुवातीची बारकी अंडी नकोत, पिल्लू अशक्त निघतं. अंडी धुऊ नका. कवचावर एक नैसर्गिक थर असतो, तो पाण्याने जातो आणि घाण आत ओढली जाते. थोडी माती लागली असेल तर कोरड्या फडक्याने पुसा, जास्त घाण असेल तर ते अंडं तव्यावर जाऊ द्या.

साठवण ७ दिवसांपेक्षा जास्त नको. निमुळतं टोक खाली. १५ ते १८ अंशांचा गारवा उत्तम, जो आपल्याकडे फक्त थंडीत फुकट मिळतो. इतर दिवसांत ओल्या वाळूवर ठेवलेल्या माठाशेजारी, अंधाऱ्या खोलीत टोपली ठेवा आणि तीन-चार दिवसांतच अंडी लावा. फ्रिज नको, फार गार होतं. दिवसातून दोन-तीनदा अंडी गोळा करा, कारण उन्हाच्या खुराड्यात पडलेल्या अंड्यात वाढ अर्धवट सुरू होते आणि मरते. मग आपण यंत्राला दोष देतो.

खुडूक कोंबडी अजूनही कामाची आहे

यंत्र आलं म्हणून खुडूक बसलेल्या, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहणाऱ्या, कोंबडीला पाण्यात बुचकळून उठवू नका. एका खुडूक कोंबडीखाली गावरानची १० ते १२ अंडी बसतात, थंडीत दहाच ठेवा म्हणजे कडेचं अंडं गार पडत नाही. जुनं टोपलं किंवा फुटका माठ, तळाशी राख आणि कोरडी माती, वर मऊ गवत, त्यात मूठभर कडुलिंबाचा पाला. बसवण्याआधी कोंबडीच्या पंखाखाली पिसवा बघा. पिसवांनी हैराण झालेली कोंबडी दहाव्या दिवशी अंडी सोडून उठते. रोज एकदा उठवून दाणापाणी द्या, १५-२० मिनिटांत ती परत बसली पाहिजे. विजा कडाडल्या तर अंडी नासतात म्हणून काही घरांत टोपल्यात कोळसा किंवा लोखंडाचा तुकडा ठेवतात. ठेवा, नुकसान काही नाही. आजीशी वाद घालण्यापेक्षा टोपल्यावर छप्पर गळत नाही ना ते पाहा.

पण खुडूक कोंबडीचा खरा उपयोग वेगळाच आहे. यंत्रात अंडी भरली त्याच दिवशी दोन-तीन खुडूक कोंबड्यांखालीही अंडी ठेवा. एकविसाव्या दिवशी तिची पिल्लं निघतील तेव्हा रात्री, अंधारात, यंत्रातली सुकलेली पिल्लं हळूच तिच्या पंखाखाली सरकवा. सकाळी ती सगळ्यांना आपलंच समजते. कोंबडीच्या आकाराप्रमाणे १२ ते १५ पिल्लं एका आईखाली राहतात. तेवढ्या पिल्लांची वीज वाचते, आणि घार दिसल्यावर कसं लपायचं हे शिकवायचं कामही तीच करते. दिवसाउजेडी पिल्लं सोडली तर टोचून मारते, म्हणून रात्रच धरायची.

यंत्र भरण्याआधी

नवं असो की जुनं, यंत्र अंड्यांशिवाय दोन दिवस चालवून बघा. डिस्प्लेवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. घरात ताप मोजायचा थर्मामीटर असतोच. तो ३५ ते ४२ अंशांचा, म्हणजे आपल्याला हवा तोच पट्टा. तो यंत्रात, अंड्यांच्या उंचीवर ठेवून आकडे जुळतात का पाहा. पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंश. पंखा नसलेल्या यंत्रात हवा थरांत बसते, म्हणून अंड्याच्या वरच्या पातळीला ३८.५ च्या आसपास.

आर्द्रता दाखवणारं मीटरही तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंबभर पाणी घालून चिखलासारखं करा, ते आणि मीटर एका घट्ट डब्यात सहा-आठ तास बंद ठेवा. मीटरने ७५ टक्के दाखवलं पाहिजे. ७० दाखवलं तर ते पाच कमी सांगतंय एवढं लिहून ठेवा.

यंत्र कुठे ठेवायचं? पत्र्याखाली नाही, खिडकीसमोर नाही, चुलीजवळ नाही. माळवदाचं घर असेल तर त्याच्यासारखी जागा नाही, मातीच्या जाड भिंतींत दिवसरात्रीचा फरक कमी पडतो.

२१ दिवस

पहिले १८ दिवस आर्द्रता ५० ते ५५ टक्के, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. आपल्याकडे गडबड इथेच होते, कारण यंत्रासोबत मिळालेल्या कागदावर 'ट्रेमध्ये पाणी भरा' एवढंच लिहिलेलं असतं. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत एक ट्रे पुरत नाही. तिथे पाणी खोल करून उपयोग नसतो, पाण्याचा पृष्ठभाग वाढवावा लागतो: पसरट ताटली ठेवा किंवा पाण्यात स्पंजचा तुकडा उभा करा. उलट ऑगस्टच्या झडीत खोलीतलीच हवा इतकी ओली असते की पहिले १८ दिवस ट्रे कोरडा ठेवला तरी चालतो. पाणी जास्त झालं तर अंड्यातली हवेची पोकळी लहान राहते आणि पिल्लू शेवटच्या दिवशी कवचातच बुडून मरतं. कवचाला चोच लावलेली, पण बाहेर न आलेली ओलीगच्च पिल्लं दिसली तर बहुतेक वेळा हेच कारण.

मीटरपेक्षा खात्रीचा मार्ग स्वयंपाकघरातला वजनकाटा आहे. भरताना १० अंड्यांवर खूण करून वजन घ्या. अठराव्या दिवसापर्यंत वजन १२ ते १३ टक्के उतरलं पाहिजे. १० अंडी ४५० ग्रॅम भरली असतील तर ३९५ च्या आसपास यायला हवीत. ४१० असतील तर आत ओल जास्त आहे, ३८० असतील तर यंत्र कोरडं पडलंय. सातव्या दिवशी एकदा मधला अंदाज घेतला तर दुरुस्तीला वेळ मिळतो.

अंडी फिरवणं: ट्रे आपोआप फिरत असेल तर ठीक, नसेल तर पेन्सिलने एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढा आणि दिवसातून तीनदा किंवा पाचदा फिरवा. विषम वेळा यासाठी की रात्रभर रोज तीच बाजू वर राहू नये. अठराव्या दिवशी फिरवणं बंद.

सातव्या रात्री अंडी तपासा. खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च लावा, मूठ त्याभोवती धरून अंड्याचा रुंद भाग त्यावर टेकवा. जिवंत अंड्यात मधोमध एक काळा ठिपका आणि त्यातून निघालेल्या लालसर बारीक शिरांचं जाळं दिसतं. नीट बघितलं तर ठिपका किंचित हलतोही. काहीच नसेल, नुसता पिवळसर उजेड, तर अंड्याला फळ धरलेलं नाही. शिरांऐवजी लाल कडं दिसलं तर पिल्लू सुरुवातीला मेलेलं. दोन्ही काढून टाका, नाहीतर आत नासून फुटतं आणि वासाबरोबर बाकीच्यांनाही घेऊन जातं. शंभरात १० ते १५ अंडी अशी निघणं नेहमीचं आहे. त्याहून फार जास्त असतील तर कोंबड्याकडे बघा, यंत्राकडे नंतर. चौदाव्या दिवशी पुन्हा एकदा तपासा.

लाईट जाणारच. कधी तासभर, आणि डीपी जळाला तर दोन-दोन दिवस. पहिल्या पंधरवड्यात तीन-चार तास लाईट गेली तर घाबरू नका. यंत्र उघडू नका, वरून गोधडी टाका, फक्त हवेची भोकं मोकळी ठेवा. वेळ लांबली तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून आत, अंड्यांना न टेकता ठेवा. पिल्लं दिवसभर उशिरा निघतील, एवढंच. अठराव्या दिवसानंतर हिशोब उलटा होतो. तेव्हा पिल्लं स्वतःच ऊब तयार करतात आणि त्यांना हवा लागते. पंखा बंद आणि दार घट्ट असेल तर गुदमरून मरतात, म्हणून झाकण बोटभर किलकिलं ठेवा. ज्याच्या गावात डीपी वारंवार जळतो त्याने यंत्र घेतानाच १२ व्होल्ट बॅटरीवर चालणारं घ्यावं. ट्रॅक्टरची जुनी बॅटरीही रात्र काढून देते.

अठराव्या दिवशी अंडी जाळीवर आडवी ठेवा, खाली गोणपाटाचा तुकडा. वर्तमानपत्रावर पिल्लांचे पाय घसरतात आणि फाकतात, ते पुढे सरळ होणं अवघड असतं. यानंतर दार उघडायचं नाही. पहिली टोच पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला १२ तास लागतात, कधी २४. मधे मधे ते थांबतं, विश्रांती घेतं, पोटातला बलक आत ओढून घेत असतं. या वेळी मदत म्हणून कवच सोलणाऱ्याच्या हातात रक्त लागतं आणि पिल्लू जातं. घरातल्या पोरांना आधीच सांगून ठेवा. बाहेर आलेलं पिल्लू पूर्ण सुकून, फुलून येईपर्यंत आतच राहू द्या. सुकलेली पिल्लं सहा-आठ तासांनी एकदम काढा. उपाशी मरतील ही भीती नको, पोटातल्या बलकावर ती दोन दिवस सहज काढतात.

बेंबी बघा. बेंबी मिटलेली आणि कोरडी असेल ते विकण्याचं पिल्लू. ओली, काळपट, उघडी बेंबी आणि फुगलेलं पोट म्हणजे यंत्र किंवा अंडी घाण होती. पुढची अंडी भरण्याआधी यंत्र धुऊन, जंतुनाशक मारून, कडक उन्हात वाळवा. एका खेपेची घाण दुसरीत, मग तिसरीत, असं चालू राहिलं की धंदा बुडतो.

पहिला महिना

पत्र्याची किंवा पुठ्ठ्याची दीड फूट उंच गोल रिंग करा. चौकोनी खोका नको. थंडीत पिल्लं कोपऱ्यात एकावर एक चढतात आणि खालची चिरडतात. खाली दोन इंच थर. भाताचा तूस आपल्याकडे सहज मिळत नाही, त्यासाठी धावाधाव करू नका. लाकडाचा भुसा, भुईमुगाची टरफलं किंवा उन्हात वाळवलेलं सोयाबीनचं बारीक भुसकट चालतं. ओलसर वास येणारं, बुरशी लागलेलं भुसकट मात्र चुकूनही नको. खोलीला तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा कूड असेल तर आतून गोणपाट लावा. रात्रीचा वारा अडतो. पण घूस आणि मुंगूस गोणपाटाला जुमानत नाहीत, खाली बारीक जाळी जमिनीत वीतभर गाडावी लागते.

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पातळीला ३५ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटर नसला तरी पिल्लं सांगतात. दिव्याखाली गोळा होऊन चिवचिवाट चालू असेल तर थंडी वाजतेय, कडेला पसरून चोच उघडी असेल तर उकडतंय, एकाच बाजूला सरकली असतील तर दुसरीकडून वारा येतोय. सगळीकडे विखुरलेली, काही खातायत, काही झोपलेली असली की दिवा योग्य उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे चार ते सहा ही वेळ सगळ्यात वाईट, परभणीकडे पारा एका आकड्यात जातो. रात्री झोपताना ठीक दिसणारी पिल्लं सकाळी मेलेली सापडतात ती याच दोन तासांमुळे.

आधी पाणी, मग दाणा. पहिल्या पाण्यात लिटरमागे थोडा गूळ. दोन-चार पिल्लांची चोच पाण्यात बुडवून दाखवली की बाकीची बघून शिकतात. भांडं उथळ ठेवा, नाहीतर त्यात गोटे टाका. पिल्लू भिजलं की गेलं. पहिला दिवस मक्याचा बारीक भरडा, त्यानंतर २० टक्क्यांच्या वर प्रथिनं असलेलं चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य. घरचा ज्वारी-मक्याचा भरडा स्वस्त पडतो खरा, पण नुसत्या भरड्यावर पिसं फुटत नाहीत आणि महिन्याचं पिल्लू पंधरा दिवसांचं दिसतं. पावसात भिजलेला, काळा-हिरवा पडलेला मका घालू नका. त्यातली बुरशी पिल्लाच्या यकृतावर जाते आणि मग कुठलीच लस नीट लागत नाही.

रक्ती हगवण ही ऑगस्टच्या खेपेची खास पीडा. थर ओला राहिला की तीन आठवड्यांच्या सुमारास पिल्लं पंख पाडून उभी राहतात, विष्ठेत रक्त दिसतं. रोज सकाळी थर हलवा, पाण्याच्या भांड्याभोवतीचा ओला भाग काढून कोरडा टाका. रक्त दिसलं की त्याच दिवशी पशुवैद्यकाला विचारून पाण्यातलं औषध सुरू करा. दोन दिवस वाट पाहिली तर निम्मी जातात.

लस

मानमोडी (राणीखेत) आली की गावच्या गाव रिकामं होतं, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. तिची लासोटा लस ५ ते ७ दिवसांच्या दरम्यान, डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब. १४ व्या दिवसाच्या सुमारास गुंबोरो रोगाची लस. २८ व्या दिवशी लासोटा पुन्हा, पाण्यातून. पुढे सहाव्या आठवड्यात देवीची आणि आठव्या आठवड्यात मानमोडीची आर-टू-बी टोचून द्यायची लस, ती गिऱ्हाइकाच्या दारात. मरेक्स रोगाची लस पहिल्याच दिवशी मानेच्या कातडीखाली लागते. घरगुती पातळीवर ती मिळवणं अवघड जातं, त्यासाठी पशुवैद्यकाशी आधी बोलून ठेवा.

लस दुकानातून बर्फाच्या थर्मासात आणा, मोटारसायकलच्या डिकीत नाही. कालवल्यावर दोन तासांत संपवा. पाण्यातून देताना आधी तास-दीड तास पाणी काढून घ्या, क्लोरीन नसलेलं विहिरीचं पाणी वापरा आणि लिटरमागे ५ ग्रॅम दूध पावडर घाला. लसीची बाटली १००-२०० किंवा त्याहून जास्त मात्रांची असते. तुमच्याकडे ६५ पिल्लं असतील तर शेजारच्या दोन घरांच्या कोंबड्यांनाही त्याच दिवशी द्या. उरलेली लस फेकण्यापेक्षा ते बरं, आणि शेजारी रोग नसला की तुमच्याकडेही येत नाही.

एका रात्रीत बरीच पाखरं मेली, तर फाडून बघू नका, उकिरड्यावर टाकू नका आणि राहिलेली घाईने विकू तर अजिबात नका. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्याला आणि जानेवारी २०२५ मध्ये उदगीरच्या कावळ्यांत बर्ड फ्लू निघाला होता, म्हणजे ही लांबची गोष्ट नाही.

हिशोब

आकडे धरलेले आहेत, तुमच्या बाजाराचे घालून बघा. १०० अंडी भरली. ती अंडी खायला विकली असती तर १२ रुपयांनी १,२०० आले असते, म्हणून तो खर्चच. यंत्राची वीज २४० धरा. ७० पिल्लं निघाली. एक दिवसाचं पिल्लू ३५ ला गेलं तर २,४५० आले, हातात हजारेक राहिले.

तीच ७० महिनाभर ठेवली. दिव्याची वीज ४००, लस-औषध ४००, भुसा १५०. महिन्यात एक पिल्लू अर्धा ते पाऊण किलो खाद्य खातं. सगळं मिळून ४२ किलो, ४५ रुपये भावाने १,८९०. एकूण खर्च ४,२८०. सहा मेली, ६४ राहिली, म्हणजे एक पिल्लू ६७ रुपयांना पडलं. १०० ला विकलं तर २,१२० हातात. दुप्पट. पण तिसऱ्या आठवड्यात रोग शिरला तर खाद्यासकट सगळं जातं, ही त्या दुपटीची किंमत. आणि गिऱ्हाईक ठरलेलं नसेल तर पुढच्या महिन्यात हीच पिल्लं दुप्पट खातात, भाव मात्र दुप्पट होत नाही. म्हणूनच आधी इसार घ्या. पिल्लामागे वीस रुपये पुरेत; ज्याने वीस दिले तो न्यायला येतोच.

विक्री

दारात टेम्पोतून रंगवलेली पिल्लं विकणारे येतात ते सगळ्यांना माहीत आहेत. हिरवी, गुलाबी पिल्लं आठवड्यात माना टाकतात. बरीचशी हॅचरीतून काढून टाकलेले नर असतात. त्यांच्यामुळे गावातल्या बायका पिल्लू म्हटलं की आधी संशय घेतात. तो संशय तोंडाने जात नाही, चिठ्ठीने जातो. प्रत्येक गिऱ्हाइकाला कागदावर लिहून द्या: पिल्लू निघाल्याची तारीख, कुठली लस कोणत्या दिवशी दिली, पुढची कुठली आणि कधी, आत्ता कुठलं खाद्य चालू आहे, आणि तुमचा नंबर. सोबत दोन दिवसांचं तेच खाद्य पुडीत द्या, नाहीतर घरी नेल्यावर एकदम ज्वारी टाकतात आणि पिल्लं हगतात.

नर की मादी, हे गावरानच्या एक दिवसाच्या पिल्लात खात्रीने सांगता येत नाही. 'सगळ्या माद्या देतो' असं कुणी म्हणालं तर त्याच्याकडून घेऊ नका आणि तुम्हीही म्हणू नका. सहा-आठ आठवड्यांनी तुरा लाल आणि जाड होऊ लागला की कोंबडा ओळखू येतो. माद्याच हव्या असणाऱ्याला त्या वयाची तलंग द्या, जास्त भावाने.

कोंबड्यांचा पैसा आपल्याकडे घरच्या बाईचा असतो, त्यामुळे खरं गिऱ्हाईक बचत गटांत बसलेलं आहे. महिन्याच्या बैठकीत एकदा जाऊन आलं की दहा-दहा पिल्लांच्या चार-पाच ऑर्डरी एकदम मिळतात, आणि उधारी बुडत नाही कारण सगळ्या एकमेकींना ओळखतात. शंभर पिल्लं एकदम मागणारा पोरगा आला तर आनंद आहे, पण आधी त्याचं खुराडं बघून या. पहिल्याच वेळी शंभर नेणाऱ्याची निम्मी मरतात आणि बोल तुमच्या पिल्लांना लागतो. त्याला पंचवीस द्या, बाकीची पुढच्या खेपेला.

आठवडी बाजारात नेणार असाल तर वेताच्या डालग्यात दाटी करू नका, सकाळी लवकर जा, ऊन चढायच्या आत परत या. नांदेडकडच्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेसारख्या ठिकाणी भाव बरा मिळतो, ओळखीही होतात. पण एक नियम पाळाच: बाजारात गेलेलं पाखरू विकलं गेलं नाही तर घरच्या कळपात परत मिसळायचं नाही. दोन-तीन आठवडे लांब, वेगळ्या डालग्यात, वेगळ्या पाण्यावर ठेवा आणि त्यांना दाणा सगळ्यात शेवटी घाला, हात-पाय धुऊन मगच घरच्यांकडे या. बाजारातून येताना ओळखीच्याने 'हे दोन कोंबडे ठेव' म्हणून दिले तरी हाच नियम.

महिना उलटून गेल्यावरही जी पिल्लं राहतील त्यांतले कोंबडे ओळखू येताच वेगळे करा आणि दिवसभर वावरात सोडा, सोयाबीन निघाल्यावर रानात पडलेलं त्यांना पुष्कळ असतं. संध्याकाळी मूठभर भरडा. माद्यांतल्या चांगल्या पुढच्या वर्षीच्या अंड्यांसाठी घरी ठेवा, त्यांच्यासाठी कोंबडा मात्र बाहेरून.